अक्का, काकडी मी चाखली होती

अक्का, तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला.

नदीकाठी पिंड ठेवून आम्ही मागं सरलो. बायका अजून पदर सावरत होत्या, पोरं सावली शोधत होती, तेवढ्यात समोरच्या लिंबावरून एक कावळा उतरला, उड्या मारत पिंडापाशी आला आणि चोच घालून निघूनही गेला. भावकी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. "बघा, म्हातारीचं काही म्हणून काही मागं राहिलं न्हाई," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी हात जोडले.

मीही जोडले. पण मी वेगळ्या तयारीनं आलो होतो. कावळा बहुतेक वेळा ताटकळत ठेवतो. मग घरची माणसं पुढं होतात आणि गेलेल्याला शब्द देतात, की तुझं राहिलेलं आम्ही पुरं करू, तू काळजी करू नको. त्या वेळी मी पुढं होणार होतो. एकच वाक्य बोलायचं होतं: साखरपुड्याची ती काकडी मी चाखली होती. भावकीसमोर बोलायचं होतं, आणि मुख्य म्हणजे माझ्या नातीसमोर, पल्लवीसमोर. कावळ्यानं मला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. जन्मभर तू मला अवघड जागेतून बाहेर काढत आलीस. नदीवरही तेच केलंस असं वाटलं, आणि भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

म्हणून लिहायला बसलोय. तोंडानं जमलं नाही ते हातानं करून बघतो. कापड कापलेला हात आहे, अजून सरळ चालतो.

तू जे सोडलंस तिथून सुरुवात करतो, कारण ते माझ्यामुळं सुटलं. मी शाळेत असताना मला मुदतीचा ताप आला. तुझं नुकतंच लग्न झालं होतं. मला शुद्ध नव्हती, हे सगळं पुढं आईनं सांगितलं. तू सासरहून आलीस, माझ्या उशाशी बसलीस आणि मग कुणाला न सांगता नारायणगडाला चालत गेलीस. तिथं देवापुढं बोलून आलीस, की माझा भाऊ उठला तर मी फळ तोंडात घालणार नाही. मी उठलो. तू फळ सोडलंस. काशीला जाऊन आलेली म्हातारी माणसं एखादं फळ सोडतात, तेही बहुतेक नावडतं. तू तर कोवळ्या वयात सगळीच सोडलीस. आंबा गेला, बोरं गेली, बालाघाटाच्या डोंगरातली सीताफळं गेली, ज्यांच्यासाठी तू लहानपणी काट्यात शिरायचीस.

पुढं तुझा नवरा गेला. पोरबाळ नव्हतं. तू तलवाड्याला आमच्याकडं परत आलीस आणि माझं घर तुझंही झालं. तेव्हापासून या एका गोष्टीवरून मी तुझ्याशी भांडत आलो. आधी चेष्टेनं.

"अक्का, लिंबू फळ हाय का भाजी?"

"जे चुलीवर न चढता तोंडात जातं ते फळ."

"मग कांदा?"

"कांद्याला फळ म्हणणारा टेलर मी पहिल्यांदाच बघतेय. गप काजं-बटनं कर."

मग कधीतरी चिडून. मी म्हणालो होतो, "मी उठलो, धडधाकट झालो, नातवंडं आली मला. फिटलं ना आता? देवाचं काय अडलंय तुझ्या आंब्यावाचून?" तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "देवाचं न्हाई रे अडलं. तू रोज दुकानातून घरी येतोस. ते मला रोज दिसतं. मग रोजचं रोज द्याया नको का?" मला तुझ्या त्या बोलण्याचीच भीती वाटली. आपलं घरी येणं कुणीतरी रोज असं मोजून घेतंय, ही गोष्ट माणसाला उभं राहू देत नाही.

माझ्या पोरानं, पल्लवीच्या बापानं, घरात फ्रिज आणला तो दिवस आठवतो. चैताचं ऊन होतं, पत्र्यावर उतरलेली चिमणी लगेच उडत होती. तू वरचा कप्पा उघडलास, आत हात घातलास आणि बराच वेळ काढलाच नाहीस. मग तो गार हात गालाला लावून म्हणालीस, "बापू, ह्यात कुणीतरी हिवाळा कोंडलाय." बाकी घर थंड पाण्याच्या बाटल्या कुठं ठेवायच्या यावर भांडत होतं. तुझं तोंड मात्र देवळाच्या गाभाऱ्यातून बाहेर आलेल्या माणसासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तू कैरीचं पन्हं स्टीलच्या पेल्यांत ओतून त्यात बांबूच्या कामट्या उभ्या केल्यास. कामट्या तू स्वतः चिरल्या होत्यास, पाण्यात उकळल्या होत्यास, टोकं घासून गुळगुळीत केली होतीस. संध्याकाळी पेला पाण्यात धरून फिरवला आणि बर्फाची कांडी सुटून बाहेर आली. हिरवट-पिवळी, आतून उजेड असल्यासारखी. पोरं ओरडली. तू ती माझ्यासमोर धरलीस.

"कशी झालीय?"

"लई गोड."

"लई गोड हे मला काय सांगतोस? कुठं गोड? टोकाला का मागं?"

"टोकाला."

"आन् गिळल्यावर?"

"गिळल्यावर जरा आंबट ऱ्हातं."

"किती येळ ऱ्हातं?"

"अक्का, मी कांडी खातोय का जबानी देतोय?"

"जबानीच दे. पण खरी दे."

तशी माझी जीभ तुझ्या कामाला लागली. तुला चाखता येत नव्हतं, म्हणून मी चाखायचं आणि तू विचारायचं. पहिल्या उन्हाळ्यात तू मला बोलायला शिकवलंस. 'चांगलं', 'फक्कड', 'झकास' हे शब्द तू ऐकूनच घेत नव्हतीस. गोडी आधी लागते का आंबट, पुदिना नाकात जातो का घशात, मीठ कळतं का नुसतं मागून ढकलतं, असं सगळं माझ्याकडून काढून घ्यायचीस. पहिली कांडी फिकी लागली म्हणालो, तेव्हा तू विचार करत बसलीस आणि म्हणालीस, "गारठ्यानं गोडी निजत असंल. पातेल्यात जास्तीची घालाया पाहिजे." पुढची बरोबर झाली. पुदिना वाटला की काळा पडतो, म्हणून तू तो नुसता चुरगाळून गरम पाकात बुडवायचीस आणि काढून टाकायचीस. सब्जा तळाशी बसतो म्हणून खरबुजाचा रस अर्धा गोठल्यावर, लगदा झाला की मग तो ढवळायचीस. मग कांडीभर ते काळे दाणे असे अडकून राहायचे, जणू पडता पडता कुणी थांबवलेत. वीज गेली की फ्रिजच्या मुठीला तू जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस, आणि ती सोडायची हिंमत घरात कुणाची नव्हती.

कवठात गूळ आणि बडीशेप, मोसंबीत आलं, जांभळात काळं मीठ. एकदा तू चिंचेच्या कांडीत ओव्याचं पान घातलंस. मी चाखली आणि बघतच राहिलो. आंबट ओसरलं की मागून एक गार चटका यायचा आणि तोंड धुतल्यासारखं व्हायचं.

"हे तुला सुचलं कुठून?" मी विचारलं.

"तूच सांगितलंस की. मागल्या साली ओव्याचं पान चावून म्हणालास, आधी भाजतं, मग गार पडतं. चिंचेच्या मागं तेच नको का?"

मला आठवतसुद्धा नव्हतं. माझ्या तोंडून जाता जाता निघालेला शब्द तू वर्षभर जपून ठेवला होतास आणि बरोबर जागी बसवला होतास. पूर्वी घराबाहेर न पडणाऱ्या बायका दुकानात मापाचं जुनं पोलकं पाठवायच्या. बाईला मी बघितलेलं नसायचं, पोलक्यावरून नवं कापायचं. अंगाला बसलं की मला मोठा विजय वाटायचा. तू तर माझ्या नुसत्या बोलण्यावरून कापत होतीस, आणि ते गावातल्या प्रत्येक पोराच्या तोंडाला बसत होतं. मी जन्मभर ज्या कसबावर पोट भरलं, त्याच्या पलीकडचं काहीतरी माझ्याच घरात चाललं होतं आणि मी कांडी चोखत उभा होतो.

ऊसतोडीला गेलेली माणसं परत यायची तेव्हा पहिल्या कांड्या त्यांच्या पोरांच्या. त्यावर तू कुणाचं ऐकायची नाहीस. आमची नातवंडं कुरकुरायची, तू म्हणायचीस, "तुमी फ्रिजजवळ ऱ्हाता. ती फडात होती." पाचटानं ओरबाडलेल्या हातांची ती पोरं दारात उभी राहायची. एकदा त्यातल्या एका मुलीनं कांडी तोंडात न घालता आधी मिटलेल्या डोळ्यांवर धरली. एकावर, मग दुसऱ्यावर. पाणी गालावरून ओघळलं तरी ती धरून राहिली. तू दाराला टेकून बघत होतीस. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणालीस, "बापू, ही चव तू मला कधी सांगितली न्हाईस."

आता पुढचं.

सगळी गावं बंद होती त्या साथीत मी आजारी पडलो. उठलो, पण जीभ उठली नाही. एक दिवस चहा नुसतं ऊन पाणी लागला. मी स्वयंपाकघरात जाऊन चोरून मीठ चाखलं, मग साखर, मग बरणीतलं लोणचं. कशालाच काही नाही. तोंडात कापूस भरल्यासारखं. वाटलं, येईल हळूहळू. आली नाही. डॉक्टरांनी थांबून बघा म्हटलं, मी थांबलो, आणि कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच. तुला कसं सांगणार होतो? माझ्यासाठी तू फळ सोडलंस, आणि त्या बदल्यात तुला द्यायला माझ्याकडं फक्त ही जीभ होती. तीच गेली म्हटल्यावर तुझ्यासमोर कोणत्या तोंडानं बसणार? तू चाखायला बोलवायचीस, मी यायचो, आणि जुन्या आठवणीवरून सांगायचो. टोकाला गोड, मागं आंबट. पुढं पुढं तेही सोडलं. नुसतं "फक्कड" म्हणायचो. तू पूर्वीसारखं खोदून विचारत नव्हतीस. मला वाटायचं, बरं झालं, म्हातारपणी तुझाही जोर कमी झाला.

पल्लवीचा साखरपुडा ठरला तो भर वैशाखात. पाहुण्यांना आइस्क्रीम नको, आत्याआजीच्या कांड्याच पाहिजेत, असा तिनं हट्ट धरला, आणि त्यातही काकडी-पुदिन्याच्या, लहानपणापासून तिच्या आवडीच्या. पाणी कमी पडलं की काकडी कडू होते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. म्हणून प्रत्येक काकडीचं टोक कापायचं, घासून पांढरा फेस काढायचा आणि एक चकती चाखायची. एक कडू सगळ्या पातेल्याला बाद करते. आदल्या दिवशी मागच्या पडवीत तू आणि मी बसलो होतो. पुढं घर माणसांनी भरलं होतं. नातीचं काम म्हणून मी हौसेनं पुढं सरसावलो.

"ही गोड. हीपण गोड. घे, सगळ्या गोड हायेत."

तुझ्या हातात किसणी होती. तू क्षणभर माझ्याकडं बघितलंस. "सगळ्या?"

"सगळ्या. लोण्यावाणी."

"बरं," म्हणालीस आणि किसायला लागलीस.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर कांड्या फिरल्या. खरबुजाच्या खाऊन पोरं खूष होती. काकडीची पहिली कांडी नवऱ्या मुलाच्या आजीच्या हातात गेली. कौसाबाई, त्या घरची थोरली. त्यांनी चोखली आणि अंगणात थुंकल्या. "साखरपुड्याला बोलावून कडू चारता व्हय?" त्यांचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत गेला. आपल्याकडं शुभकार्यात तोंड कडू होणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. त्यांच्याकडचे पुरुष उठले. कुणीतरी गाडी काढायला सांगितली. पल्लवी आत साडीचा पदर मुठीत धरून उभी होती.

तू स्वयंपाकघरातून बाहेर आलीस आणि मांडवाच्या मधोमध उभी राहून हात जोडलेस. "चूक माझी हाय. पोरीची न्हाई, घराची न्हाई. काकडी चाखून घ्यायची माझ्याकडनं ऱ्हायली." माझ्या पोरानं माझ्याकडं वळून विचारलं, "आबा, तुम्ही चाखल्या नव्हत्या?" आणि माझं तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "त्याला कुठं येळ होता? मांडवाचं बघत होता तो." आपल्यातल्याच कुणीतरी मागून म्हटलं, "फळ न खाणाऱ्या बाईच्या हातात हे द्यायचंच कावून?"

अक्का, मी तिथंच उभा होतो. खरं बोलायला एक पाऊल पुढं टाकावं लागत होतं. मी टाकलं नाही.

कौसाबाई तुझ्याकडं बघत राहिल्या, मग चूळ भरायला मोरीकडं गेल्या. परत आल्या त्या आपल्या जागेवर बसल्या आणि म्हणाल्या, "कुंकू लावा पोरीला, उशीर व्हतोय." साखरपुडा पार पडला. पण तेव्हापासून गावात आणि भावकीत एकच बोलणं राहिलं, की म्हातारीनं साखरपुडा कडू केला.

इथवरचं तुला माहीत आहे. पुढचं मी तुझ्यापासून लपवलं असं मला तेरावा होईपर्यंत वाटत होतं.

लग्न मुलाकडं होतं. मला धास्ती पडली. तिथं तू आणि कौसाबाई समोरासमोर येणार, काकडीचा विषय निघणार, आणि तू एकदा माझ्यासाठी खोटं बोललीस तरी दुसऱ्यांदा बोलशील का? लग्नाच्या आधी तू पल्लवीच्या रुखवताला मणी ओवत होतीस. मी तुझ्यासमोर बसलो आणि म्हणालो, "अक्का, व्याह्यांकडनं निरोप आलाय. म्हणतात, म्हातारीला मांडवात आणू नका, लोक बोलतील."

तुझ्या हातातली सुई थांबली. "कौसाबाई म्हणाल्या?"

"त्याच."

तू माझ्याकडं बघितलंस. मग सुईत दोरा ओढत म्हणालीस, "बरं. पोरीला नीट पाठवा."

कुणीही असा निरोप धाडला नव्हता. लग्नाच्या दिवशी तू घरी राहिलीस. तिकडं पल्लवीनं विचारलं, आत्याआजी कुठंय? कुणीतरी म्हणालं, रुसून बसली. मी ऐकलं आणि खाली बघून फेट्याचं टोक खोचत राहिलो. जिनं तिला अंगाखांद्यावर वाढवलं, ती रुसून लग्नाला आली नाही, असं ती पोर आजवर समजत होती.

तेरावा झाल्यावर मी काळी-पिवळी जीपमध्ये बसून एकटाच कौसाबाईंच्या गावी गेलो. पल्लवीसमोर जायच्या आधी ज्या बाईचं तोंड कडू झालं तिच्यासमोर जावं असं वाटलं. त्या ओसरीवर चिंच फोडत बसल्या होत्या. "या. अक्का गेल्याचं कळलं. मला चालवत न्हाई, न्हाई तर आले असते." मी बसलो आणि पाणी पिऊन एका दमात सांगून टाकलं, की माझी जीभ गेलेली होती आणि काकडी मी चाखली होती.

त्यांनी फोडलेल्या चिंचेतून चिंचोका काढून बाजूला टाकला. "माहीत हाय मला."

"काय माहीत हाय?"

"तुमची जीभ गेलीय ते. त्याच दिशी कळलं. मी मोरीवर गेले तर मागनं अक्का आल्या. मला वाटलं, पाया पडाया आली म्हातारी. तर म्हणल्या, कौसाबाई, मला चारचौघात काय बोलायचं ते बोला, पण काकडी कुणी चाखली ते इचारू नका. माझ्या भावाची जीभ त्या साथीत गेली. त्याला वाटतं, मला ठाऊक न्हाई. तवापास्नं तो सगळ्यालाच फक्कड म्हणतोय. मी आपली त्याच्या माघारी शेजारची पोरं बोलावून चाखवून घेती. काल घर माणसांनी भरलेलं, आन् ह्यो हौसेनं समोर बसलेला. त्याच्या हातातली काकडी काढून दुसऱ्याला कशी देऊ?"

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हणलं, बाई, काकडी लई कडू व्हती. त्या म्हणल्या, व्हय, तुमच्या तोंडावरनं दिसलं. मग आमी दोघी हसलो, तोंडाला पदर लावून." चिंच फोडता फोडता त्या आताही हसल्या. "लग्नात एका पंगतीला बसायचं ठरवलं व्हतं आमी. मी शेजारचं पान धरून ठिवलं त्यांच्यासाठी. आल्याच न्हाईत. कावून आणलं न्हाई हो त्यास्नी?"

अक्का, त्या ओसरीवर मला एकेक करून कळत गेलं. मोरीवर तुमचं दोघींचं जमलं होतं. तुझ्यासाठी तिथं पान मांडलं जाणार होतं. म्हणजे मी तुझ्यासमोर बसून तो निरोप सांगत होतो, तेव्हाच तुला माहीत होतं की तो खोटा आहे. कौसाबाई म्हणाल्या? असं तू विचारलंस. मला परत फिरायला तू तेवढी जागा करून दिली होतीस. मी म्हणालो, त्याच. आणि तू "बरं" म्हणालीस. माझं खोटं माझ्या तोंडावर न टाकता तू नातीचं लग्न सोडून दिलंस, जसं कधीकाळी फळ सोडलं होतंस. तेव्हा निदान मी शुद्धीत नव्हतो.

मी कौसाबाईंना सांगितलं, की मीच नको म्हणालो, तुमच्या नावावर. त्यांचे हात थांबले. मग म्हणाल्या, "च्या घेऊन जा. दारात आलेल्या माणसाला तसं पाठवत न्हाई मी. पण पल्लवीला आजच्या आज सांगा. पोर म्हणती, आत्याआजी माझ्या लग्नात रुसली. ते आधी पुसा."

पल्लवी पुण्याला असते. संध्याकाळी मी फोन केला आणि काहीही मागं न ठेवता सांगितलं. मला वाटलं, फोन तुटला. मग तिचा आवाज आला.

"आबा, मी बाळंतपणाला आले होते तेव्हा आत्याआजी रोज माझ्या उशाशी येऊन बसायची. मी कूस बदलून घ्यायचे. ती तरीपण बसायची."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आता मी कुणाकडं तोंड करू, आबा?"

ती रडली, मग सावरून म्हणाली, "ज्यांनी ज्यांनी तिला नावं ठेवली, त्या सगळ्यांना सांगायचं. फोनवर नाही. घरी जाऊन. मी बरोबर येणार नाही." आणि फोन ठेवला. तुझ्याच हाताखाली वाढलेली पोर आहे ती.

तेव्हापासून मी घरं धरलीत. सकाळी निघतो, उन्हं व्हायच्या आत परततो. काहीजण ऐकून घेतात आणि तुझ्या आठवणीनं डोळे पुसतात. काहीजण म्हणतात, "जाऊ द्या बापू, म्हातारी गेली, आता कशाला उकरता?" मांडवात तुला मागून टोमणा मारणारा तो चुलतभाऊ तर हसला, "जीभ गेली व्हती मग एवढे दिवस आमच्यात जेवायला कसं काय चवीनं यायचा रे?" मीही हसलो. त्याला हसू दिलं. पण तो उठून निघाला तेव्हा पुन्हा खाली बसवलं आणि पुढचं सगळं ऐकवलं.

प्रत्येक घरी मी काकडीपर्यंत नीट सांगतो. खोट्या निरोपाचंही सांगतो, ते आता जमायला लागलंय. पण तू तो ओळखला होतास आणि तरी "बरं" म्हणालीस, इथं आलं की माझा आवाज जातो. समोरची माणसं बघत राहतात आणि घरातली कुणीतरी पाणी आणायला उठते. उद्या लिंबागणेशला मावशीच्या लेकींकडं जायचंय. पाणी बरोबर घेऊन जाईन.